पडद्यावर कधीच न आलेला फोटो

गेल्या वर्षी मी स्वतःपुरता एक खेळ सुरू केला. चित्रपट बघताना एखादी फ्रेम आवडली की तिथे थांबायचं, ते चित्र उचलायचं आणि खाली पाच-सहा ओळी लिहायच्या. कथा सांगायची नाही, पाचपैकी किती स्टार हेही नाही. या एका चित्रात काय चाललंय, एवढंच. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून झाल्यावर रात्री एकाच चित्राकडे वीस मिनिटं बघत बसायला बरं वाटायचं.

पहिली अडचण फोननेच आणली. ओटीटीवर स्क्रीनशॉट घेतला की काळा चौकोन मिळतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. अॅप अँड्रॉइडला आधीच सांगून ठेवतं की ही खिडकी कुणाला टिपू द्यायची नाही, आणि अँड्रॉइड निमूट ऐकतं. मग मी जुन्या चित्रपटांकडे वळलो. त्यातल्या काहींसाठी तर चित्रपट थांबवायचीही गरज नव्हती. नाव शोधलं की नेटवर झकास फोटो तयार.

तिथेच फसलो. एका जुन्या मराठी चित्रपटाचा फोटो होता. नायिका दारात, नायक ओट्यावर, दोघांच्या मधोमध कंदील. दिग्दर्शकाने दोघांमधलं अंतर कसं उजेडाने दाखवलंय यावर मी सात ओळी लिहिल्या आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकल्या. बदाम आले, अंगठे आले. एका मैत्रिणीने मात्र साधा प्रश्न विचारला, "हा सीन कितव्या मिनिटाला आहे?"

मला सांगता येईना. चित्रपट पुन्हा पाहिला, सापडला नाही. मग आमच्या जातीला शोभेल असा उपाय केला. छोटी स्क्रिप्ट लिहून दर सेकंदाला एक चित्र काढलं. दोन तास दहा मिनिटांचा चित्रपट म्हणजे ७,८०० चित्रं. (सगळ्या फ्रेम काढल्या असत्या तर १,८७,२०० झाल्या असत्या. तेवढा वेडा मी नाही.) प्रसंग होता, तोच ओटा, तीच साडी. पण कॅमेरा दुसऱ्या बाजूला होता, नायिकेची आपल्याकडे पाठ होती आणि कंदिलाचा पत्ताच नव्हता. ज्या उजेडाचं श्रेय मी दिग्दर्शकाला दिलं होतं, तो पडद्यावर कधी आलाच नव्हता.

ही भानगड फार जुनी आहे. फ्रेंचांकडे तिच्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. रिळातली खरी फ्रेम म्हणजे 'फोटोग्राम', आणि सेटवर वेगळ्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो म्हणजे 'फोटो द प्लातो'. आपण दोन्हीला सरसकट 'स्टिल' म्हणतो आणि गोंधळ घालतो.

सेटवरच्या स्टिलची पद्धत अशी. शॉट ओके झाला की स्टिल फोटोग्राफर पुढे यायचा. नटांनी तोच क्षण त्याच्यासाठी पुन्हा धरून ठेवायचा, मोठ्या काचेसमोर, हलायचं नाही. बोलपट आल्यावर तर शॉट चालू असताना फोटो काढणंच अवघड झालं, कारण शटरचा आवाज माइकमध्ये जायचा. मग चेहरे थोडे प्रेक्षकाकडे वळवायचे, दोघांना जरा जवळ आणायचं, एखादा दिवा मधे ठेवायचा. हे फोटो वर्तमानपत्रांत जायचे, गाण्यांच्या पुस्तिकेत छापले जायचे, थिएटरबाहेर काचेच्या पेटीत लागायचे. रिळातली फ्रेम पाहायला गेलं तर टपाल तिकिटाएवढी. ती मोठी केली की दाणे दिसतात. छापायला सुबक काय, हे उघड होतं.

त्यामुळे चित्रपटांवरची कितीतरी पुस्तकं न दिसलेल्या चित्रांवर उभी राहिली. १९७९ साली 'फिल्म आर्ट' हे पाठ्यपुस्तक आलं तेव्हा डेव्हिड बोर्डवेल आणि क्रिस्टिन थॉम्पसन यांनी प्रसिद्धीचे फोटो बाजूला ठेवून रिळातल्याच फ्रेम मोठ्या करून छापण्यावर भर दिला. आज कळीचं एक बटण दाबलं की होणारं काम त्यांना प्रत्यक्ष फिल्म समोर ठेवून, तिच्यावर कॅमेरा रोखून करावं लागत होतं. दाणेदार चालेल, पण चित्रपटातलं हवं, ही त्यांची अट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. लॉग बघ, अंदाज सांगू नकोस, असं माझी टीम लीड म्हणते ते हेच.

एका चित्राखाली थोडं लिहिण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न त्याच्याही नऊ वर्षं आधीचा. १९७० साली रोलाँ बार्थने आयझेनस्टाइनच्या काही फ्रेम समोर ठेवून 'तिसरा अर्थ' हा निबंध लिहिला. 'इव्हान द टेरिबल'मध्ये तरुण झारच्या डोक्यावर दोन दरबारी सोन्याची नाणी ओततात. गोष्ट कळते, प्रतीकही कळतं. बार्थ मात्र दरबाऱ्यांच्या चेहऱ्यावर थापलेल्या पावडरीवर अडकतो. 'बॅटलशिप पोटेमकिन'मधल्या रडणाऱ्या म्हातारीचा रुमाल कपाळावर जरा जास्तच खाली आलाय, यावर थांबतो. चित्रपट पळत असताना हे निसटतं. त्याचा दावा असा की चित्रपटाचं खास चित्रपटपण थांबलेल्या फ्रेममध्येच हाताला लागतं. दावा मला पूर्ण पटत नाही (संगीत आणि वेग काय फुकट घातलेत?), पण रुमाल पटतो.

याच आयझेनस्टाइनचा एक चित्रपट आज फक्त फ्रेमच्या रूपात आहे. 'बेझिन मेडो'चं काम १९३५ साली सुरू झालं. १९३७ साली सोव्हिएत चित्रपटखात्याच्या प्रमुखाने ते थांबवलं, आणि रिळं युद्धात नष्ट झाली असं सांगितलं जातं. पण शॉटमधल्या एक-दोन फ्रेम कापून जपायची आयझेनस्टाइनची सवय होती. त्याच्या मृत्यूनंतर ते तुकडे त्याची पत्नी पेरा अताशेवा हिच्याकडे राहिले. साठच्या दशकात सर्गेई युत्केविच आणि नाउम क्लेमान यांनी ते क्रमाने लावले, प्रोकोफिएव्हचं संगीत दिलं आणि साधारण अर्ध्या तासाचा चित्रपट उभा केला. त्यात काहीच हलत नाही. मी तो रात्री एक वाजता पाहिला आणि मधे एकदा नेट अडकलंय असं वाटून वायफाय तपासलं.

म्हणजे फ्रेम खरी आणि सेटवरचा फोटो खोटा, असा सोपा नियम करून मोकळं व्हावं? मीही तसंच ठरवलं होतं. 'आलम आरा'पाशी तो नियम मोडला.

आर्देशिर इराणींचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागला. आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज माहीत नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत तो जळाला, असं नेटवर ठिकठिकाणी वाचायला मिळतं. त्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांची राख झाली हे खरं. पण 'आलम आरा' त्यात नव्हता, कारण तो संग्रहालयाला कधी मिळालाच नव्हता. संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. ते उभं करणारे पी. के. नायर इराणींना भेटले होते. रिळं कुठेतरी पडली असतील, असं वृद्ध इराणी म्हणाले. नंतर त्यांच्या मुलाने नायरना हळूच सांगितलं की चांदी काढण्यासाठी ती कधीच गेली.

हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. कृष्णधवल फिल्मवर जे काळं दिसतं ते चांदीच्या कणांचंच असतं. केस, सावल्या, डोळ्यांची बुबुळं, सगळी चांदी. म्हणजे विकलं गेलं ते चित्रच होतं.

उरले काय, तर प्रसिद्धीचे फोटो. जुबेदा आणि मास्टर विठ्ठल, नटून-थटून, कॅमेऱ्यासाठी थांबलेले. मास्टर विठ्ठल मूकपटांतला धाडसी कामांचा मराठी हिरो. त्याचं हिंदी-उर्दू कच्चं म्हणून त्याला संवाद फारच थोडे दिले, असं सांगतात. पहिल्या बोलपटाचा जवळजवळ गप्प नायक, आणि आपल्याकडे त्याचे फक्त फोटो. बोर्डवेल-थॉम्पसन यांची अट इथे लावली तर या चित्रपटावर मला एक ओळही लिहिता येणार नाही.

'राजा हरिश्चंद्र'चा पेच आणखी वेगळा. ३ मे १९१३ला कॉरोनेशनमध्ये लागलेल्या या चार रिळांच्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रीळ वाचली. इथे खऱ्या फ्रेम आहेत. सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, तो मुलगा फाळक्यांचाच भालचंद्र. पुढे हौदात भिजलेल्या साड्यांतल्या दासी, त्या सगळ्या पुरुष. तारामती अण्णा साळुंके. पण काही अभ्यासकांच्या मते ही रिळं १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या हरिश्चंद्राची आहेत. फ्रेम खरी, पण कुठल्या चित्रपटाची?

आता मी प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर दोन रकाने ठेवतो. चित्र कुठून: रीळ की सेट. आणि मैत्रिणीचा रकाना: कितव्या मिनिटाला. 'संत तुकाराम'मधली जिजाई आजारी पोराला ओढत देवळात येते आणि हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते, त्या फ्रेमला दोन्ही भरता आले. १९३६ सालच्या प्रभातच्या त्या फ्रेममध्ये गौरीचा हात बघा. तो भक्तीचा नाही, नाटकातल्या रागाचाही नाही. रोज शेण-पाणी करणाऱ्या बाईचा हात उगारला की जसा दिसेल, तसा आहे.

कंदिलाचं टिपण मी पुसलं नाही, नव्याने लिहिलं. आता त्यात पहिली ओळ अशी आहे: हा फोटो ज्याने काढला त्याने शॉट संपल्यावर नटांना थांबवलं आणि मधे एक कंदील ठेवला. 'हरिश्चंद्र'च्या सालात १९१३ आणि १९१७ दोन्ही आहेत, मधे तिरकी रेघ. 'आलम आरा'च्या टिपणात पहिल्या रकान्यात 'सेट' लिहिलंय. मिनिटाचा रकाना रिकामा आहे.