राजापूरचे प्राध्यापक

संसदपटूचे मोठेपण आपण बहुधा त्याच्या भाषणांवरून ठरवितो. मधू दंडवते यांच्याबाबतीत हे माप अपुरे पडते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे दंडवते नाथ पै यांच्या निधनानंतर, १९७१ साली, राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि १९८९ पर्यंत तेथून सलग पाच निवडणुका जिंकले. आणीबाणीत ते बंगलोरच्या तुरुंगात होते, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्याला.

१९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. समाजवादावर आपल्याकडे ग्रंथ पुष्कळ झाले. येथे तो रात्रभर प्रवास करणाऱ्याच्या पाठीला जाणवला.

कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. पुढच्याच वर्षी राजापूरने दंडवत्यांचा पराभव केला. संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला.

याला मतदारांची कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. पण केलेल्या कामाच्या बदल्यात मत मागणे म्हणजे त्या कामाला उपकार ठरविणे होय. रेल्वे हा कोकणचा हक्क आहे, ही तर दंडवत्यांचीच भूमिका होती. हक्क मिळाल्याबद्दल कोणी ऋणी राहत नाही. त्यांचा पराभव म्हणूनच त्यांच्या विचाराशी विसंगत वाटत नाही. मात्र तो आजही मनाला लागतो.