औरस, दत्तक आणि अनाम : नात्यांच्या नावांचा एक इतिहास

१

नाती आधी असतात आणि त्यांची नावे मागाहून येतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आई, बाप, मुलगा, मुलगी हे शब्द जणू निसर्गातल्या वस्तूंना दिलेली नावे आहेत आणि त्यांच्या अर्थाविषयी वाद संभवत नाही, असे आपण धरून चालतो. कुटुंबाच्या इतिहासाकडे पाहिले की हा समज फार काळ टिकत नाही. कोणाला कोणाचे मूल म्हणावे आणि कोणाला पालक म्हणू नये, हे वेगवेगळ्या काळी धर्मशास्त्राने, राजसत्तेने, न्यायालयाने आणि साहित्याने ठरवलेले आहे. नाव मिळणे म्हणजे वारसा, अंत्यविधी आणि समाजातले स्थान मिळणे, आणि न मिळणे म्हणजे या सगळ्यांतून वगळले जाणे. समलिंगी व्यक्तींच्या कुटुंबाविषयी आज जो वाद चालू आहे, तो या जुन्या इतिहासाचाच पुढचा अध्याय आहे, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत : औरस, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, गूढोत्पन्न, अपविद्ध, कानीन, सहोढ, क्रीत, पौनर्भव, स्वयंदत्त आणि शौद्र. ही यादी वरवर पाहता फार उदार वाटते. टाकून दिलेले मूल, विकत घेतलेले मूल, स्वतःला देऊन टाकणारे मूल, अशा सर्वांना तिच्यात जागा आहे. आधुनिक वाचकाला त्यामुळे 'आपली परंपरा मुळात किती व्यापक होती' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. या यादीच्या केंद्रस्थानी पिंडदान करणारा आणि वंश चालवणारा पुरुष आहे. मुलीला तिच्यात स्थान नाही. शिवाय यातली कित्येक नावे मुलाचे नव्हे, तर आईच्या शरीराचे वर्णन करतात. कानीन म्हणजे कुमारिकेचा, सहोढ म्हणजे विवाहसमयीच गर्भात असलेला, गूढोत्पन्न म्हणजे घरात गुप्तपणे, कोणापासून ते न कळता झालेला. आईच्या लैंगिक वर्तनाचा निवाडा मुलाच्या नावात कोरून ठेवलेला आहे.

पालकत्वाचे नाव आणि लैंगिकतेचे नियमन ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, हे येथे स्पष्ट दिसते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) कर्णावरील लेखाला 'मी कोण?' असे शीर्षक दिले. कर्ण कानीन असल्यामुळे त्याच्या बाबतीत 'मी कोण' आणि 'मी कोणाचा' हे दोन प्रश्न वेगळे करताच येत नाहीत. पुढे कलिवर्ज्यांच्या मर्यादेने बारांपैकी व्यवहारात औरस आणि दत्तक हे दोनच उरले. यादी आखडली, तिच्यामागचा न्याय मात्र तसाच राहिला.

२

एकोणिसाव्या शतकात दत्तकाचा प्रश्न मराठी प्रदेशात राजकीय झाला. १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तविधान कंपनी सरकारने मानले नाही आणि राज्य खालसा केले. १८५३ च्या अखेरीस झाशीच्या गंगाधररावांनी मृत्युशय्येवर घेतलेल्या दत्तकाची तीच गत झाली. या धोरणातला एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दत्तक पुत्राचा खासगी मालमत्तेवरचा हक्क सरकार नाकारत नव्हते. नाकारत होते ते राज्यावरचा हक्क. तोच मुलगा घरापुरता मुलगा होता आणि सरकारपुरता नव्हता. नात्याला अर्धी मान्यता देण्याची ही रीत पुढेही अनेकदा दिसते.

याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पालकत्वाचा अगदी वेगळा अर्थ आचरणात आणला. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येत असे. तेथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. शास्त्राच्या दृष्टीने या दत्तकात काहीच बसत नव्हते. देणारा पिता नव्हता, जात एक नव्हती, आणि ज्या संबंधातून मूल जन्मले त्याला समाजाच्या कोशात निंदेखेरीज शब्द नव्हता. आईच्या वर्तनाचा निवाडा मुलाच्या नावातून पुसून टाकणे, हा या कृतीचा खरा अर्थ होय. तिची कसोटी लागली ती १८९० मध्ये, जोतीरावांच्या अंत्ययात्रेत. दत्तक मुलाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. पुत्राचे नाव नाकारले गेले, त्या जागी पत्नीने उभे राहून दोघांचाही अधिकार सांगितला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी सुरू झालेले ताईमहाराज प्रकरण याच्या नेमके उलट टोकाला आहे. बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले. त्यांच्या विधवा ताईमहाराज यांनी कोणाला दत्तक घ्यावे आणि घेतलेला कोणता दत्तक खरा, यावर १९०१ पासून खटले चालले आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने विश्वस्तांच्या, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या, बाजूने निकाल दिला. पश्चिम भारतात विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचून दत्तक घेता येत असे, ही येथल्या कायद्याची विशेष बाब होती. असे असूनही या प्रकरणाची चर्चा टिळकांचे चारित्र्य, सरकारची सूडबुद्धी आणि पुणे-कोल्हापूर तेढ यांभोवतीच फिरत राहिली. जिला आई व्हायचे होते, तिला काय हवे होते, हा प्रश्न मराठी इतिहासलेखनात बराच काळ गौण राहिला. पालकत्व म्हणजे इस्टेटीची व्यवस्था, हे समीकरण इतके पक्के होते.

३

हे समीकरण सैल होण्यासाठी मूल आणि लैंगिकता यांची गाठ सुटणे आवश्यक होते. ती सोडवण्याचे काम मराठीत प्रथम पद्धतशीरपणे केले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. कर्व्यांना आपण संततिनियमनाचे प्रचारक म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या विचाराची व्याप्ती त्याहून मोठी आहे. कामसुखाचे समर्थन संततीवाचून करता येते, हे एकदा मान्य केले की 'निसर्गविरुद्ध' या शब्दाचा पायाच खचतो. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम 'निसर्गक्रमा'ची भाषा बोलत होते. त्या भाषेचा गर्भितार्थ असा की, निसर्गाचा हेतू प्रजनन हाच होय. कर्व्यांनी हा हेतूच प्रश्नांकित केला. समलिंगी संबंधांविषयी आणि हस्तमैथुनाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी मासिकातून सरळ उत्तरे दिली, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला.

कर्व्यांच्या विवेचनाची मर्यादाही सांगायला हवी. त्यांच्या विचारात व्यक्ती आहे, तिचे शरीर आहे, तिचे सुख आहे. पण घर नाही. समलिंगी माणूस त्यांच्या पानांवर पत्रलेखक म्हणून येतो, प्रश्न विचारतो आणि उत्तर घेऊन निघून जातो. तो कोणाचा मुलगा आहे, कोणाबरोबर राहतो, म्हातारपणी त्याच्यापाशी कोण असेल, हे प्रश्न अजून उद्भवलेले नाहीत. शास्त्रीय भाषेने त्याला गुन्हेगारीच्या कोठडीतून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, परंतु नात्यांच्या कोशात त्याला जागा दिली नाही.

४

ती जागा शोधण्याचे काम साहित्याकडे आले. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. शीर्षकातला व्याकरणिक संदेह लक्षणीय आहे. 'मित्र' आणि 'मित्रा' या दोन्ही शब्दांची षष्ठी 'मित्राची' अशीच होते. सुमित्राची मित्रा होते, म्हणजे तिचे नावच पुल्लिंगी शब्दाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. तिची कहाणी बापू सांगतो. त्याचे तिच्याशी असलेले नाते प्रियकराचे नाही, भावाचे नाही आणि रूढ अर्थाने मित्राचेही नाही. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. 'मी गेलो' किंवा 'मी गेले', यांपैकी काहीतरी निवडावेच लागते. अशा भाषेत मित्रेला स्वतःसाठी तिसरे रूप सापडत नाही आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. तेंडुलकरांनी समाजाची क्रूरता दाखवली, हे खरेच. पण नाटकाच्या रचनेतही मित्रेसाठी जिवंत राहण्याची जागा उरलेली नाही, हेही तितकेच खरे.

राजन गवस यांनी 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांतून यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी आणि जोगते यांचे जग मराठीत आणले. येथे साडी नेसणाऱ्या पुरुषाला नाव आहे आणि स्थानही आहे, पण ते देवीच्या नावाने, कुटुंबातून वजा होऊन मिळालेले आहे. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू, चेला, नानी अशी नात्यांची स्वतंत्र परिभाषाच आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' (२०१२) या आत्मकथनाचे वेगळेपण असे की, त्यात या दोन्ही कुटुंबांपैकी एकही सुटलेले नाही. निवेदिका चेला आहे आणि त्याच वेळी आईवडिलांचे अपत्यही आहे.

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत प्रश्न मध्यमवर्गीय वाड्यात शिरतो. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. त्या तरुणाला कादंबरी नाव देत नाही; तो 'पेइंग गेस्ट' आहे. घरात राहण्याचा परवाना देणारे, पण नाते न जोडणारे हे नाव कादंबरीचे मर्म सांगते. तो निघून गेल्यावर अनुजाचे दुःख घरात बोलले जाते, त्यावर संताप होतो, इलाज होतो. तनयच्या दुःखाला मात्र घरात श्रोता नाही, कारण ज्या नात्याचे ते दुःख आहे त्याला घराच्या भाषेत शब्दच नाही.

या पार्श्वभूमीवर चेतन दातार यांच्या 'एक, माधवबाग' या एकपात्री संहितेचे महत्त्व लक्षात येते. येथे बोलते ती समलिंगी मुलाची आई. शीर्षक म्हणजे घराचा पत्ता. आजवर 'त्या' माणसाची गोष्ट त्रयस्थ सांगत होता किंवा तो स्वतःशी बोलत होता. आता त्याच्याविषयी आई बोलू लागते. स्वतःच्या मातृत्वाचा अर्थ तिला नव्याने लावावा लागतो. म्हणजे येथे बदलते ते मुलाचे नव्हे, तर 'आई' या शब्दाचे वर्णन. 'तू कोण आहेस' हा प्रश्न मागे पडून 'तू माझा आहेस, याचा अर्थ काय' हा प्रश्न पुढे येतो. मराठी साहित्यातले हे स्थित्यंतर मला फार मोलाचे वाटते.

५

कायद्याचा प्रवास नेमका याच वळणापाशी अडलेला दिसतो. पालकत्वाच्या बाबतीत कायदा हळूहळू रुंदावला. १९५६ च्या कायद्याने हिंदू स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागले आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली; मात्र विवाहित स्त्रीला हा अधिकार मिळण्यास २०१० ची दुरुस्ती यावी लागली. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या पालकत्वाचा अर्थ विस्तारला. २०१५ मध्ये अविवाहित आईला पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागता येईल, असा निर्णय झाला. ज्या 'कानीन' शब्दाने कर्णाला आयुष्यभर छळले, त्याची कायदेशीर नांगी अशी मोडली. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा निर्णय झाला.

दुसऱ्या बाजूला ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमातून प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध वगळले. २०२२ मध्ये एका परिचारिकेच्या प्रसूतिरजेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अविवाहित व समलिंगी सहजीवनही कुटुंबाचे रूप असू शकते, असे म्हटले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि अशा जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता यावे, हे म्हणणेही तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले. सरोगसीच्या २०२१ च्या कायद्यातही त्यांना स्थान नाही. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एका कुटुंबातले मानावे, असे राज्यांना कळवले.

म्हणजे धान्यापुरते ते कुटुंब आहे आणि मुलापुरते नाही. झाशीच्या दत्तकाची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. मूल वाढते तेव्हा ही अर्धी मान्यता त्याच्याही वाट्याला येते. दोघींनी वाढवलेल्या मुलाच्या बाबतीत कागदावर एकच आई असते. ती दगावली तर दुसरीला त्या मुलावर कोणत्या नावाने हक्क सांगता येईल? गौरी सावंत यांनी एका अनाथ मुलीला लेक म्हणून वाढवले, तेव्हा त्या नात्याचे कौतुक जाहिरातीतून (२०१७) आणि दृश्यमालिकेतून (२०२३) झाले. परंतु कौतुक म्हणजे अधिकार नव्हे, आणि अपवाद म्हणून गौरवले गेलेले नाते नियमात येतेच असे नाही.

औरस हाच एकमेव खरा पुत्र, असे आपल्या इतिहासाने कधीच म्हटलेले नाही. पण कोणाला पालक म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याने मालमत्तेच्या आणि वंशाच्या हाती ठेवला. फुले दांपत्याने तो अधिकार सांभाळणाऱ्याच्या हाती दिला. 'पालक' या मराठी शब्दाची व्युत्पत्तीही पालन करणे या क्रियेतूनच होते. तिच्यात रक्त नाही, विवाह नाही आणि लिंगही नाही. शब्दाने जे मान्य केलेले आहे, ते विधिनियमाने मान्य करायचे बाकी आहे.