मुलांचे वय कोणी ठरवावे?

मुलाचे वय आणि यंत्र यांचा तंटा जुना आहे. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला की, रेशमाच्या सोडून इतर कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलास कामास लावू नये. परंतु जन्मनोंदीची सरकारी व्यवस्था तेथे सुरू झाली ती १८३७ मध्ये. तोवर डॉक्टर पोराच्या अंगलटीकडे पाहून दाखला देई. त्याच वर्षी एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने दातांवरून वय ओळखण्याचा उपाय पार्लमेंटपुढे मांडला. आपल्याकडील १८८१ च्या कायद्याने सात वर्षांच्या मुलालाही नऊ तास राबविण्यास मुभा होती; १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षे आणि सात तासांवर आली. मधल्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईचे गिरणी कामगार संघटित केले व १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. हा इतिहास मी शाळेत नव्हे, युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांतून शिकलो; म्हणून तो अधिक टोचतो.

आजची गिरणी पोरांच्या खिशात आहे. तेथे मजुरी नाही. मुलाचे लक्ष हाच माल, आणि तो जाहिरातदारांस विकला जातो. १९९८ साली अमेरिकेने नियम केला की, तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये. कंपन्यांनी मग तेरा हेच प्रवेशाचे वय धरले, आणि वर्षानुवर्षे पुरावा काय मागितला, तर मुलाने स्वतः लिहिलेली जन्मतारीख!

गिरणीत निदान भोंगा होता. पाळी सुटली की सुटली. २००६ साली अझा रस्किन याने पान कधीच न संपणारी रचना केली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. स्नॅपचॅटवर तर दोन मित्रांनी रोज एकमेकांस चित्र पाठवायचे. एक दिवस खाडा झाला की साठलेली हजेरी शून्य. बारा-तेरा वर्षांचे पोर ती हजेरी तापातही चुकवीत नाही. रविवार कसला नि सुटी कसली!

मालकांस हे ठाऊक नव्हते काय? २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन या बाईंनी फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आणले. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असता इन्स्टाग्रामने ते अधिकच वाढविले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद कंपनीच्याच पाहणीत होती. २०२२ साली लंडनच्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मरणाच्या कारणांत अशा मजकुराचाही वाटा नोंदविला. उदास मूल फोनकडे वळते की फोनने मूल उदास होते, यावर विद्वानांत अजून वाद आहे, आणि तो खोटा नव्हे. पण वाद मिटेपर्यंत यंत्र चालूच ठेवावे, हा युक्तिवाद आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर पुष्कळ ऐकला आहे.

ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. सोळा वर्षांखालील मुलास खाते नाही. दंड मुलास नाही, आईबापांस नाही. तो कंपनीस, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मला यातली हीच बाजू पटते. आपल्या २०२३ च्या कायद्याने अठरापर्यंत मूल मानून पालकांची संमती मागितली आहे. पण ज्या घरात फोन लावून देण्यासाठी आईच मुलाला हाक मारते, तेथे ती संमती कोण कोणाची घेणार? ऑस्ट्रेलियातही वय ताडण्यासाठी एक उपाय योजला आहे: यंत्र मुलाचा चेहरा पाहते आणि अंदाज करते.