बिघडलेल्या प्रती

आमच्या गावातल्या कॅमेरा क्लबची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरायची. गोष्ट १९८०च्या दशकातली. शाळेचा एक वर्ग मागून घ्यायचा, फळ्याच्या कडेवर बारा बाय पंधराचे प्रिंट ओळीनं मांडायचे आणि एकेकावर बोलायचं. बोलणारा पुढे जाऊन दोन्ही तळहातांनी फोटोच्या कडा झाकायचा आणि म्हणायचा, "एवढं कापा, मग बघा." तो शब्द अंतिम. ज्याचा फोटो असे तो मान खाली घालून वहीत लिहून घ्यायचा. दहा वर्षं मी लिहून घेतलं. नंतर तळहात ठेवण्याची पाळी माझ्यावर आली.

एका बैठकीला एक विशीतला मुलगा आजीचा फोटो घेऊन आला. आजी चुलीपुढे बसलेली, चेहरा धूसर, आणि स्वच्छ दिसत होती ती फक्त मागची फडताळातली भांडी. मी म्हणालो, "आजीपेक्षा पातेली बरी आलीत की!" वर्ग हसला. मुलगाही हसला. पुढच्या महिन्यात तो आला नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे पुढे कधीतरी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंविषयी वाचनात आलं. (आडनाव कॅमेरॉन, हा निव्वळ योगायोग.) बाईंचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. नवरा तिथे कायद्याच्या कामात मोठ्या हुद्द्यावर. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १८६३च्या डिसेंबरमध्ये मुलीनं आणि जावयानं आईला कॅमेरा भेट दिला. बाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या. मुलं मोठी झालेली, घर रिकामं, वेळ जावा म्हणून दिलेली ती वस्तू.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काचेवर कलोडियनचा ओला थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुवायची. बाईंनी पहिला फोटो एका शेतकऱ्याचा काढला. त्याला बसण्याबद्दल तासाला अर्धा क्राउन दिला आणि मग थर असलेल्या बाजूवरूनच हात फिरवून सगळा फोटो पुसून टाकला! ही फजिती त्यांनी स्वतःच १८७४ साली लिहिलेल्या अपुऱ्या आत्मकथनात सांगितली आहे. धूसरपणाचंही तिथेच आहे. भिंग फिरवताना एखाद्या ठिकाणी चेहरा सुंदर दिसला की त्या तिथेच थांबत. आणखी फिरवून रेघ न् रेघ स्पष्ट करण्याच्या भानगडीत पडत नसत.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला हे कसं मानवणार? ही मंडळी रसायनं आणि भिंगं जाणणारी. तिथे पानापानाची शीर दिसणं हा कौशल्याचा दाखला. १८६५ साली सोसायटीच्या नियतकालिकात बाईंच्या फोटोंवर कडक टीका आली. फोकस नाही, काचेवर ओरखडे आहेत, डाग आहेत. आता खरं सांगायचं तर ओरखडे आणि डाग होतेच. सोसायटीनं पाहिलं ते खोटं नव्हतं. मला या प्रकरणात हाच भाग अवघड वाटतो. मीही पातेल्यांबद्दल खोटं बोललो नव्हतो.

बाई खचल्या नाहीत. त्या काही साध्या नव्हत्या, हेही खरं. त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयानं त्यांचे फोटो विकत घेतले आणि १८६६ साली बर्लिनला सुवर्णपदक मिळालं. सोसायटीच्या टीकेची किंमत आपल्याला ठाऊक होती, म्हणून आपण निराश झालो नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पण त्या कुणाचंच ऐकत नव्हत्या असं मात्र नाही. दोन माणसांचं त्या ऐकत. एक सर जॉन हर्शेल. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ते आपल्याला माहीत असतात, पण चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे १८१९ साली त्यांनीच दाखवलं. आमच्या डार्करूममधला तो हायपो यांचा! फोकस कोणता योग्य आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा रोखठोक सवाल बाईंनी १८६४ अखेरच्या पत्रात याच हर्शेलना केला होता. पुढे एका तरुणीचा चेहरा पाहून, ती जिवंत आहे आणि कागदातून डोकं बाहेर काढते आहे, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. दुसरे चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स. त्यांनी बाईंना लिहिलं की, मला विकायच्या, पुठ्ठ्यावर चढवलेल्या महागड्या प्रती पाठवू नका. बिघडलेल्या, नुसत्या कागदाच्या प्रती पाठवा. मला त्यांवरूनही तितकंच कळेल आणि तुमचे पैसे बुडाले असंही वाटणार नाही.

बिघडलेल्या प्रती मागून घेणारा परीक्षक! आमच्या क्लबात कुणी असं म्हटलेलं मला आठवत नाही. आम्ही सगळे चांगलंच तेवढं फळ्यावर ठेवायचो आणि त्यावर घाव झेलायचो.

अशा मंडळांची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे लंडनच्या मागोमाग दोन वर्षांच्या आतच. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. तिचं स्वतःचं नियतकालिक होतं आणि १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांचा एक अल्बम मुंबईत अंकाअंकानं निघत असे. प्रत्येक अंकात खरे, कागदावर छापून डकवलेले तीन फोटो असत. उन्हाळ्यात कलोडियन झटपट वाळणाऱ्या या हवेत ते तीन निवडण्याआधी किती काचा फुकट गेल्या असतील, ते ज्यानं डार्करूममध्ये घाम गाळलाय त्याला सांगायला नको.

वॉट्सचं पत्र वाचल्यावर मी क्लबात सुचवलं की पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एक बिघडलेला प्रिंट आणावा आणि काय करायचं होतं ते आधी स्वतः सांगावं. पहिल्यांदा चौघांनीच आणले. एकानं तर बिघडलेला म्हणून पदक मिळालेला फोटो आणला! तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मंडळी मोकळी झाली. एकानं हललेला फोटो दाखवून सांगितलं की त्या वेळी त्याच्या मांडीवर पोर झोपलं होतं. मग शटरच्या वेगावर अर्धा तास बोलणं झालं, आणि माझे हात त्या सबंध वेळात खिशात होते.

त्या मुलाच्या घरी मी एकदा जाऊन आलो. तो कामासाठी सुरतेला गेला होता. आजी दारातच बसली होती. फोटोचं विचारलं तर म्हणाली, "आहे की आत, भिंतीला." आत जाऊन मी तो पुन्हा पाहिला. पातेली अजून स्वच्छच होती. म्हातारी मागून आली आणि म्हणाली, "धूर फार झाला होता त्या दिवशी."