बिनतारी संचांचे रूपांतर आणि बेळगाव सीमाभाग : एक दुर्लक्षित प्रकरण

बेळगावहून खानापूरकडे जाणारा रस्ता उद्यमबाग, पिरनवाडी मागे टाकून मच्छे गावातून पुढे जातो. आज मच्छेची ओळख औद्योगिक वसाहत आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ यांच्यामुळे आहे. रस्ता पुढे खानापूर, लोंढा करीत गोव्याच्या घाटाला लागतो आणि लोंढ्याहून रेल्वे कॅसलरॉकला जाते. पोर्तुगीज अमदानीत ब्रिटिश हिंदुस्थानच्या, आणि नंतर स्वतंत्र भारताच्या हद्दीतले हे शेवटचे स्थानक. बेळगाव, कॅसलरॉक आणि उत्तरेकडची आंबोली या तीन ठिकाणांचा संबंध १९५५ ते १९६१ या काळात एका गुप्त नभोवाणी केंद्राशी आला. त्या केंद्राचे प्रक्षेपक मुळात नभोवाणीसाठी बनलेलेच नव्हते. ते पकडलेल्या दोन बिनतारी संदेशसंचांतून तयार केले होते.

एका कामासाठी बनवलेला दोनतर्फी रेडिओ उघडून, त्याची कंप्रता बदलून, त्याला दुसऱ्याच कामाला लावणे ही हौशी रेडिओचालकांची, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांची, फार जुनी विद्या आहे. पोलीस, टॅक्सी, बंदरे, कारखाने यांनी टाकून दिलेले संच हौशी पट्ट्यांवर आणणे हा त्यांचा आजही नित्याचा उद्योग आहे. आपल्याकडे या विद्येचा इतिहास कोणी सलग लिहिलेला दिसत नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात निवेदकांची नावे येतात, अटक झालेल्यांची येतात, परंतु डाग देण्याची कावी हातात धरून बसलेला माणूस एका वाक्यात आटोपला जातो. प्रस्तुत लेखात त्या एका वाक्याच्या आत काय दडले आहे, ते पाहावयाचे आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी चालकांना आपली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे आदेश दिले. यंत्रे गेली, तरी ती बनविण्याचे ज्ञान जप्त करता आले नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. त्याची यंत्रणा उभी करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी चालकाचा हात होता, तर शिकागो रेडिओ या प्रसिद्ध पेढीचे नानक मोटवाने यांचे साहित्याच्या बाबतीत साहाय्य झाले. केंद्र ४२.३४ मीटरवर ऐकू येत असे. या तरंगलांबीचे कंप्रतेत रूपांतर केले, तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ हा आकडा मिळतो. हौशी चालकांचा ४० मीटर पट्टा ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. देशभर ऐकू गेलेले हे केंद्र हौशी लोकांच्या परिचयाच्या अंगणातूनच बोलत होते. आपल्या सरावाच्या कंप्रतेवरच माणसाचा हात चांगला चालतो, त्यामुळे ही निवड स्वाभाविकच वाटते.

हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले गेले. आपल्यातल्याच एका तंत्रज्ञाने ठावठिकाणा सांगितला, असे उषा मेहता यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या. ज्याच्यावाचून केंद्र उभे राहत नाही, तोच त्याचा सर्वांत कच्चा दुवा ठरला. तंत्रज्ञांविषयी इतिहासकारांनी बाळगलेल्या मौनामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

गोव्याची हकिगत याहून वेगळी आहे. २१–२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा आणि ऑगस्टच्या आरंभी सिल्व्हासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मराठी वाचकाला परिचित असलेली मंडळीही होती. माघार घेताना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंत दोन बिनतारी संच होते. ते गोमंतकीय राष्ट्रवाद्यांच्या हाती आले आणि त्यांतून प्रक्षेपक घडवण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’चे पहिले प्रक्षेपण झाले. कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगिजांत ‘व्होझ दा लिबेर्दादे’ ही त्याची नावे. विजापूरच्या आदिलशाहीकडून आल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१० चा होता, आणि पोर्तुगीज राजवट तो साजरा करीत असे. त्याच तारखेला पोर्तुगिजांच्याच यंत्रातून त्यांच्याविरुद्ध आवाज निघाला.

केंद्र चालवणारी प्रमुख मंडळी म्हणजे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आरंभीच्या काळात निकोलाव मिनेझिसही त्यांच्यासोबत होते. लिबियाबाईंनी त्यापूर्वी मुंबईत आकाशवाणीत काम केले होते. प्रक्षेपक एका मालमोटारीत बसवलेला होता. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला विद्युत् उपकरणे तिथे कोरडी ठेवणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. पुढे केंद्र कॅसलरॉकला आणि नंतर बेळगावला आले. त्या सुमारास गोव्याची आर्थिक नाकेबंदी झालेली होती आणि सीमा बंद होती. माणसाला आणि मालाला जिथून वाट उरली नव्हती, तिथून शब्द मात्र खाली उतरत होता. आंबोली आणि कॅसलरॉक दोन्ही घाटमाथ्यावर आहेत, आणि प्रक्षेपण करणाऱ्याला उंचीइतका स्वस्त मदतनीस दुसरा नाही.

संदेशसंचाला नभोवाणीचे काम शिकवायचे म्हणजे नेमके काय करावे लागते? त्या काळचे लष्करी व पोलिसी संच बहुधा तारायंत्राच्या कडकट्ट भाषेसाठी किंवा थोडक्यात बोलण्यासाठी बनलेले असत. ‘बोला, ऐका, बंद करा’ ही त्यांची रीत. त्यांना सलग तासभर बोलायला लावले, तर अंतिम टप्प्याच्या नळ्या आणि रोहित्र तापतात. म्हणून एकतर शक्ती कमी करावी लागते, किंवा वीजपुरवठा नव्याने बांधावा लागतो. आवाजासाठी मॉड्युलेटरचा स्वतंत्र टप्पा लागतो, आणि तो प्रक्षेपकाच्या निम्म्या ताकदीचा नसला तर बोलणे पोकळ ऐकू येते. याशिवाय कंप्रता अशी निवडावी लागते की जी घरातल्या साध्या रेडिओवर लागेल. शेवटी एरियल, ते नव्या तरंगलांबीच्या मापाचे नसेल, तर बाकी सारी मेहनत उष्णतेच्या रूपाने मालमोटारीतच राहते. इतिहासाच्या पुस्तकातले ‘संचांचे रूपांतर करण्यात आले’ हे वाक्य एवढ्या कामाचे आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावला लष्कराची जमवाजमव झाली. कारवाईपूर्वी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा शरणागतीचे आवाहन करणारा संदेश पोर्तुगीज गव्हर्नर जनरलसाठी याच केंद्रावरून प्रसारित झाला. १९ डिसेंबरला गोव्यातील पोर्तुगीज सत्ता शरण आली. तेव्हा वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी लष्करी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, ही वार्ता पोर्तुगीज व कोकणी भाषांत गोव्यावर सांगितली. सरदेसाई यांना १९९२ मध्ये, तर लिबिया लोबो सरदेसाई यांना वयाच्या शंभरीत, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संच फिरवून देणाऱ्या हातांची नोंद अशा यादीत होत नाही.

काटेकोरपणे पाहता गोव्याचे केंद्र ‘हौशी रेडिओ’ नव्हते. हौशी चालकाला प्रक्षेपण करता येत नाही. परवानाधारकाने परवानाधारकाशी बोलावे, एवढीच मुभा असते. परंतु कारागिरी तीच. महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेले संच बाजारात आले आणि जगभरच्या हौशी मंडळींची एक पिढी त्यांवर पोसली गेली. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत व्यापारी रेडिओंचे मार्ग अरुंद करण्यात आले, तेव्हा टॅक्सी व पोलीस खात्यांचे हजारो जुने संच निकामी ठरले. हौशी लोकांनी ते दोन मीटर पट्ट्यावर आणले. एफएम रिपीटरचे आजचे जाळे त्या भंगारातून वाढलेले आहे.

आपल्याकडे ही वेळ उशिरा आली. १९९५ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाली आणि हळूहळू कारखाने, बांधकाम कंपन्या, टॅक्सीसेवा यांना व्हीएचएफ संच जड वाटू लागले. भारत इलेक्ट्रॉनिक्स, पनवायर यांचे आणि मोटोरोला, केनवूड यांचे संच गोदामांत पडून राहिले. यांपैकी बरेचसे १५० ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये चालणारे, आणि भारतातला दोन मीटर हौशी पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. अंतर थोडे दिसते, पण फसवे आहे. १६० वर जुळवलेली वेटोळी १४५ वर आणायची, तर कंप्रता धारकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने धारकता सुमारे २२ टक्के वाढवावी लागते. जुळणीचा स्क्रू तेवढा फिरत नाही, मग लहानसा कपॅसिटर जोडावा लागतो. पाव तरंगाच्या एरियलची लांबी हिशोबाने ४७ सेंटिमीटरवरून ५२ वर जाते. जुन्या संचांत प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र क्रिस्टल असतो. ज्या संचात त्याची कंप्रता बारा पट होते, त्यात १४५ मेगाहर्ट्झसाठी १२.०८३३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घालावा लागतो, आणि ग्रहणासाठी निराळा. १९८० च्या दशकानंतरच्या संचांत क्रिस्टलची जागा संगणकाने भरायच्या स्मृतीने घेतली. तिथे पेचकसापेक्षा विशिष्ट केबल, जुन्या डॉस प्रणालीचा संगणक आणि त्या कंपनीची आज्ञावली यांचीच शोधाशोध अधिक. ही आज्ञावली नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून कित्येकांनी एखादा जुना संगणक केवळ त्याच कामासाठी जपून ठेवला आहे.

अशा संचांचे मोल शांततेच्या दिवसांत कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, आणि २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले तेव्हा, हौशी चालक आपले संच घेऊन तेथे पोहोचले होते.

कायद्याची बाजू येथे सांगणे भाग आहे. बिनतारी संच बाळगणे व चालवणे यांवर आपल्याकडे नियंत्रण आहे. हौशी परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. रूपांतरित संच हौशी पट्ट्याबाहेर, विशेषतः पोलिसांच्या वाहिन्यांवर, प्रक्षेपण करू शकणार नाही याची व्यवस्था करणे हा रूपांतराचाच भाग मानला पाहिजे. १९४२ आणि १९५५ च्या उदाहरणांवरून कोणी आज परवान्याची गरज नाही असे समजेल, तर तो इतिहास चुकीचा वाचतो. ती केंद्रे परक्या सत्तेविरुद्ध होती आणि चालवणाऱ्यांनी त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवली होती.

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात जुने संच अजूनही भंगाराच्या वखारींत वजनावर विकले जाण्याची शक्यता आहे. मच्छे–उद्यमबाग परिसरात तांत्रिक शिक्षण घेणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांना अभ्यासासाठी याहून स्वस्त साधन मिळणार नाही. पण वितळवण्याआधी, वा रूपांतर करण्याआधीही, अशा प्रत्येक संचाची नोंद व्हावी, असे सुचवावेसे वाटते. त्यावर मालकाचे नाव बहुधा नसते, कागद हरवलेले असतात. क्रिस्टलच्या पत्र्याच्या टोपीवर मात्र एक आकडा कोरलेला असतो. बारा पटीच्या संचात तो १३.३३३ असेल, तर गुणाकार १६० येतो, म्हणजे संच शेवटपर्यंत व्यापारी वाहिनीवर होता. तो १२.०८३३ असेल, तर कोणीतरी तो एकदा उघडला होता.