केडगाव स्टेशन

मध्ये गावाकडे जाऊन आलो, म्हणून हे सुचलं.

सोलापूर-पुणे लाईनवर पॅसेंजरने प्रवास केलेल्यांना ठाऊक असेल, जेऊर सोडलं की वाशिंबे, पारेवाडी, जिंती करत गाडी उजनीच्या पाण्याजवळून जाते. आमचं जुनं गाव याच पाण्यात आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं, आमची माणसं त्याआधीच वर माळावर येऊन बसली होती. आजी पाण्याकडे बोट करून "ती तिथं आपली चूल" असं सांगायची. घरच्यांनी हे शंभरदा ऐकलंय, म्हणून आवरतं घेतो.

२००६ सालची गोष्ट. उन्हाळा, डबा गच्च. दाराशी एक बाई खाली बसली होती, मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी. पोर तापाने फणफणलेली, डोळे अर्धवट मिटलेले. मी ते पाहिलं. अगदी नीट पाहिलं आणि पेपर थोडा वर धरला. डब्यात आम्ही पन्नासएक जण असू, सगळ्यांनी तेच केलं. भिगवणला एक मासेवाली पाटी घेऊन चढली. तिने पाटी ठेवायच्या आधीच विचारलं, "कुठं निघालीस गं पोरीला घेऊन?" बस्स, एवढंच. मग पाणी आलं, ओला पदर कपाळावर आला, कुणीतरी खिडकीची जागा दिली. दौंडला ती मासेवाली आपली पाटी आमच्यापैकीच एकाच्या हवाली करून त्या दोघींना दवाखान्याकडे घेऊन गेली. पाटीचं पुढे काय झालं कोण जाणे. मी गाडीतच बसून राहिलो. अर्ध्या-पाऊण तासाने केडगाव आलं.

हे केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं. शाळेत आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचतो... विदुषी, शारदा सदन, धर्मांतर, संपलं. त्या प्रवासानंतर मी त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचायला घेतलं, आणि त्यातला दुष्काळ डोक्यातून जाईना.

रमाबाई दुष्काळातूनच आलेल्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरणारे. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचे पैसे, दागिने, भांडी सगळं संपलं. अंगमेहनतीची सवय नाही आणि हात पसरायची लाज. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, मागोमाग आई, नंतर बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले, आणि दोघं पायी देश फिरत कलकत्त्याला पोचले. ज्या रस्त्यांनी ही माणसं गेली त्या रस्त्यांवर देवळं होती, धर्मशाळा होत्या, सज्जन माणसंही असतीलच. पण मागितलं नाही तर दिसत नाही, असं काहीतरी आपलं असतं बहुधा.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळातला एक प्रसंग त्यांनी सांगितलाय. लंडनमधल्या फुलहॅमला ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं, समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी. अशा बायकांशी कुणी मायेने वागतं हे पाहून रमाबाई चकित झाल्या. असं का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. येशू तिच्याकडे पाणी मागतो, म्हणजे आधी तिच्याशी बोलतो. तत्त्वज्ञानाचे डोंगर पालथे घातलेल्या या बाईवर ही एवढीशी गोष्ट परिणाम करून गेली.

मग १८९६-९७चा दुष्काळ. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला, पण रमाबाई गेल्या त्या मध्य प्रांतात, कारण तिथल्या बातम्या भयंकर होत्या. आपल्याकडे पैसे नाहीत, जागा नाही, म्हणून आधी त्या कचरल्या, आणि आपलीच जुनी उपासमार आठवून निघाल्या. तिथल्या अनाथ-कंगालांच्या छावण्यांत सरकारी माणसं गेलेली होतीच. त्यांना भूक दिसली. रमाबाईंना आणखी एक गोष्ट दिसली. तरण्या, बेवारस मुलींवर डोळा ठेवून फिरणारे पुरुष, आणि ज्यांच्या भरवशावर मुली सोडल्या त्यांच्यातलेच काही. हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. त्यांनी सुमारे ३०० मुली, बाया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. नव्या माणसांना शारदा सदनात ठेवायला परवानगी मिळेना. शारदा सदनाच्या खर्चाला हातभार म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतलेली होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ते मुक्ती सदन. १८९९-१९००च्या दुष्काळात गुजरातेकडून आणखी मुली आल्या आणि एकूण आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. दोन हजार! पाणी, धान्य, कपडे, आजारपणं... नुसता हिशोब मांडायला बसलो तरी घाम फुटतो. पुढे कृपा सदन निघालं, फुलहॅमला पाहिलं होतं तसंच. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही इथल्याच छापखान्यात छापलं.

आमच्या माळकरी घरात हा विषय निघाला की काका लगेच म्हणतात, "अरे पण बाटवल्या ना पोरी." खोटं नाही, केडगावच्या अनेक मुली ख्रिस्ती झाल्या. १८९३ सालीच शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ झालं होतं आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. त्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल तर मला ते समजतं. जिने जेवू घातलं तिच्या देवाला नाही म्हणणं दहा वर्षांच्या पोरीला किती शक्य असणार, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. पण काकांना मी एवढंच विचारतो, त्या छावणीच्या दाराशी रात्री आपल्यातलं कोण उभं होतं? काका गप्प बसतात. मीही बसतो, कारण मला तो पेपर आठवतो.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ला केडगावलाच गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली होती. संस्था अजून चालू आहे.

या खेपेला परतताना भिगवणला दारापाशी जाऊन उभा राहिलो. मासळीच्या पाट्या चढल्या, तोच वास, तीच घाई. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही, मी तेव्हा तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. एका म्हातारीला पाटी वर घ्यायला हात दिला, तर ती म्हणाली, "सरा बाजूला साहेब, कपडे खराब होतील."