किल्ल्यातले नेहरू, दिल्लीतले नेहरू

पुणे स्टेशन. 9 ऑगस्ट 1942, रविवार. तुम्ही फलाटावरच्या गर्दीत उभे आहात. मुंबईहून एक खास गाडी आली आहे आणि तिच्या डब्यांभोवती पोलिसांचं कडं आहे. पहाटे मुंबईत काँग्रेसच्या सगळ्या मोठ्या नेत्यांना पकडलं, ही बातमी तोंडोतोंडी इथवर पोचली आहे. गांधीजींना अलीकडे चिंचवडलाच उतरवून घेतलं. गाडी दिसताच पोरं घोषणा देतात आणि पोलीस लाठ्या चालवू लागतात. तेवढ्यात एका डब्याच्या खिडकीतून बावन्न वर्षांचा एक माणूस बाहेर उडी मारतो आणि लाठ्यांच्या दिशेनं धावतो. चौघं-पाच जण त्याला धरतात आणि ओढत परत डब्यात घालतात.

ते जवाहरलाल नेहरू. त्यांचा हा चेहरा नीट पाहून ठेवा. निःशस्त्र पोरांवर लाठी पडताना त्यांना डब्यात बसवत नाही. पुढं चौदा वर्षांनी तुम्हाला हाच चेहरा दिल्लीत पाहायचा आहे.

तुम्हीही त्या गाडीत चढा. दौंडवरून ती नगरकडे वळते. उरलेले बंदी नगरला उतरतात आणि मोटारी भुईकोट किल्ल्याकडे निघतात. खंदकावरचा पूल ओलांडला की दरवाजा, आणि आत सुमारे 1.7 किलोमीटर घेराचा गोल कोट. निजामशाहीनं बांधलेला हा कोट चांदबिबीनं 1595-96 मध्ये मुघलांविरुद्ध लढवला, आणि पुढं 1600 मध्ये इथंच तिला तिच्याच माणसांनी मारलं. सरकारनं या नेत्यांचा ठावठिकाणा गुप्त ठेवला आहे. किल्ल्याच्या भिंतीपलीकडे बाजारात बसलेल्या नगरकराला आत कोण आहे याचा पत्ता नाही.

आत बारा जण आहेत: मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, नेहरू, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपले शंकरराव देव. बारांमध्ये मराठी माणूस तो एकच. पंत, मौलाना आणि शंकरराव या तिघांवर लक्ष ठेवा.

1943 चा एप्रिल. तुम्ही पहाटे साडेतीन-चारला अंगणात आलात तर एका खोलीत दिवा दिसेल. मौलाना स्वतः चहा करून घेतायत, बिनदुधाचा चिनी चहा. कधीच टपालात न पडणारी पत्रं ते आपल्या मित्राला लिहितायत. याच पत्रांचं पुढं ‘गुबार-ए-खातिर’ होणार आहे. कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम आजारी आहेत. सरकारकडे विनंती करा, मी ती पोचवतो, असं तुरुंगाधिकारी सुचवतो. मौलाना नकार देतात. जवाहरलाल येऊन बोलतात, तरी मौलाना ठाम राहतात. 9 एप्रिलला बेगम जातात. त्याच वर्षी तिकडं बंगालमध्ये दुष्काळात माणसं रस्त्यावर मरतायत, आणि हे बारा जण ते फक्त वर्तमानपत्रात वाचू शकतात.

नेहरू खणतायत. अंगणात फुलझाडांचे वाफे करायचा त्यांनी ध्यास घेतला आहे. जमीन वाईट, दगडगोट्यांनी भरलेली. जरा खोल गेलं की जुन्या इमारतींचे अवशेष हाती लागतात, कधी भिंतीचा तुकडा, कधी पडक्या घुमटाचा भाग. नगरचं ऊन डोक्यावर आहे, तरी ते थांबत नाहीत.

1944 च्या एप्रिलमध्ये कुदळ बाजूला पडते आणि लेखणी हातात येते. पाच महिन्यांत जवळजवळ हजार पानं हातानं लिहून होतात. सिंधू संस्कृतीपासून या महायुद्धापर्यंतचा सगळा भारत त्या पानांत येतो. हाताशी मोठं ग्रंथालय नाही, पण शेजारच्या खोल्यांत ग्रंथालयाच्या तोलाची माणसं आहेत. मौलाना, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली मजकूर वाचतात, सूचना देतात. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1946 मध्ये प्रसिद्ध होईल आणि किल्ल्यातल्या सोबत्यांना अर्पण केलेलं असेल. आपल्या जिल्ह्याच्या मातीत जगाच्या तोलाचं एक पुस्तक लिहिलं गेलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. खटला नाही, सुनावणी नाही, शिक्षेची मुदतही नाही. असा माणूस एवढं मोकळं लिहू शकतो, हे पाहिलं की नेहरूंबद्दलचा आदर वाढतोच.

पण ‘खटला नाही’ हे इथंच लक्षात ठेवा, आणि माझ्याबरोबर दिल्लीला चला.

फेब्रुवारी 1950. प्रजासत्ताक होऊन जेमतेम महिना झाला आहे. तुम्ही संसदेच्या प्रेक्षक सज्जात बसला आहात. गृहमंत्री वल्लभभाई प्रतिबंधक स्थानबद्धतेचं विधेयक मांडतायत. खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळतो. पंतप्रधानांच्या बाकावर नेहरू बसले आहेत. हे दोघं पाच वर्षांपूर्वी याच प्रकारच्या कोठडीत शेजारी शेजारी होते. 1936 मध्ये नेहरूंनी पुढाकार घेऊन नागरी स्वातंत्र्य संघ उभारला होता, रवींद्रनाथ ठाकूर त्याचे अध्यक्ष होते. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता, ही कारणं खरीच होती. पण इंग्रजांकडेही 1942 मध्ये कारण होतंच; त्यांच्या दारात जपान उभा होता. 1951 च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांची यादी वाढली.

आता 9 ऑगस्ट 1953. तारीख ओळखलीत? बरोबर अकरा वर्षांनी त्याच दिवशी काश्मीरचे पदच्युत पंतप्रधान शेख अब्दुल्ला यांना पहाटे गुलमर्गमध्ये अटक होते आहे. 1946 मध्ये याच अब्दुल्लांच्या बाजूनं उभं राहायला नेहरू काश्मीरच्या हद्दीत शिरले होते आणि महाराजांच्या सरकारनं त्यांना पकडलं होतं. आता अटकेमागे त्यांच्याच सरकारचं पाठबळ आहे. 1958 मधले चारेक महिने सोडले तर अब्दुल्ला एप्रिल 1964 पर्यंत आत राहिले, म्हणजे दहा वर्षांहून जास्त. इंग्रजांनी नेहरूंना सगळे तुरुंगवास मिळून सुमारे नऊ वर्षं आत ठेवलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला गप्प बसवत नाही.

आता मराठी माणसाच्या काळजाला भिडणाऱ्या दालनात शिरा. 1955 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आहे. काँग्रेसनं त्यावर चौघांची समिती नेमली: नेहरू, पंत, आझाद आणि काँग्रेसचे अध्यक्ष ढेबर. त्यांतले तिघं भुईकोटातले. समोर संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडायला शंकरराव देव बसले आहेत, तेही भुईकोटातलेच. एका कोटात अडीच वर्षांहून जास्त काळ काढलेले हे चौघं मुंबईवरून समोरासमोर आले आहेत, आणि शंकररावांना आपल्या जुन्या सोबत्यांकडून मुंबई मिळत नाही. महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई, असं सूत्र पुढं येतं. 21 नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबारात पंधरा माणसं पडतात. 16 जानेवारी 1956 ला नेहरू रेडिओवर बोलतात: मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मग मुंबईचे रस्ते पेटतात आणि पुन्हा गोळ्या सुटतात.

पुण्याच्या फलाटावर तुम्ही पाहिलेला चेहरा इथं शोधा. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करा, अशी मागणी झाली. नेहरूंनी ती मानली नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिमंडळ सोडलं आणि जुलै 1956 मध्ये संसदेत कारण स्पष्ट सांगितलं. लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या अखेर 106 वर गेली. शंकररावही त्या वादळात मागं पडले. लढा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हाती गेला. शंकररावांवर आपण अन्यायच केला असं मी म्हणेन. किल्ल्यातले सोबती एका बाजूला, आपली माणसं दुसऱ्या बाजूला, आणि हिंसेला विरोध केला म्हणून दोन्हीकडून ते एकटे पडले.

शब्द आणि कृती यांतला असा विरोधाभास इतरत्रही दिसतो. अमेरिकेच्या थॉमस जेफरसन यांनी 1776 च्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान असल्याचं लिहिलं आणि आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. अमेरिका अजून त्या माणसाचं काय करायचं याचा वाद घालते आहे. नेहरूंचा विरोधाभास वेगळा आहे आणि मला तो जास्त वेदनादायक वाटतो. जेफरसन कधी गुलाम नव्हते. नेहरू मात्र बंदी होते. बिनाखटल्याची रात्र किती लांब असते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय धोका त्यांना आधीच दिसला होता. 1937 मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त त्यांनी ‘चाणक्य’ या टोपणनावानं स्वतःविरुद्धच लेख लिहिला आणि हा माणूस हुकूमशहा होऊ शकतो, असा इशारा देशाला दिला.

हुकूमशहा ते झाले नाहीत, हेही इथंच म्हटलं पाहिजे. त्यांनी निवडणुका घेतल्या आणि संसदेत स्वतःच्याच जावयाची टीका ऐकून घेतली. 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला ते आले, तेव्हा वाटेत काळी निशाणं उभी होती; ती ओलांडून ते गडावर गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. एप्रिल 1964 मध्ये अब्दुल्ला सुटले तेव्हा नेहरूंनी त्यांना दिल्लीत स्वतःच्या घरी उतरवून घेतलं. त्यानंतर महिन्याभरात, 27 मे रोजी नेहरू गेले. चूक दुरुस्त करायला त्यांना उशीर झाला. पण खूप नेते तेवढंही करत नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे, पण नेत्यांच्या त्या खोल्या जपल्या आहेत. सहल घेऊन जाल तेव्हा पोरांना हजार पानांची गोष्ट जरूर सांगा, मौलानांच्या चहाचीही सांगा. आणि त्याच खोलीत उभं राहून 9 ऑगस्ट 1953 ची, 106 हुतात्म्यांची आणि शंकरराव देवांची गोष्टही सांगा. ती ऐकायला पोरं पुरेशी मोठी असतात.